बॉम्ब पडले, पण युरेनियम कुठे आहे?

22 जून 2025 रोजी अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर हल्ला केला. केंद्रं पूर्ण उद्ध्वस्त झाली, असं ट्रम्प यांनी लगेच जाहीर केलं. बरं, मग 60 टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेलं सुमारे 440 किलो युरेनियम गेलं कुठे? हल्ल्याआधी ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबात होतं. हल्ल्यानंतर निरीक्षकांना ते तपासताच आलं नाही, आणि जुलैत इराणने संस्थेशी सहकार्यच थांबवलं.

आम्हाला इथे फोर्दोची गोष्ट महत्त्वाची वाटते. डोंगराच्या पोटात बांधलेलं हे केंद्र. त्याच्यासाठी अमेरिकेला जवळपास साडेतेरा टनांचा एक, असे बारा बॉम्ब लागले. पण हेच फोर्दो 2015 मध्ये एका सहीने थांबलं होतं! 14 जुलैच्या व्हिएन्ना करारात तिथे 15 वर्षं युरेनियम शुद्ध करायचं नाही, असं ठरलं. शुद्धतेची मर्यादा 3.67 टक्के, साठा फक्त 300 किलो, सेंट्रिफ्यूज सुमारे 19 हजारांवरून 6 हजारांच्या आसपास. वर निरीक्षकांची कायम नजर. करारात उणिवा होत्याच. क्षेपणास्त्रांचा विषय बाहेर राहिला, काही अटींना मुदत होती. पण इराण अटी पाळतोय, असं संस्थेचे अहवाल सांगत होते.

तरीही 8 मे 2018 रोजी ट्रम्प करारातून बाहेर पडले आणि निर्बंध परत लादले. इराणने वर्षभर वाट पाहिली. 2019 मध्ये तो एकेक अट मोडू लागला, फोर्दो पुन्हा सुरू झालं, 2021 मध्ये शुद्धता 60 टक्क्यांवर गेली. म्हणजे ज्या साठ्याची आज भीती दाखवली जाते, तो करार मोडल्यानंतरचा आहे.

2025 मध्येही बोलणी चालू होतीच. ओमानच्या मध्यस्थीने पाच फेऱ्या झाल्या, सहावी 15 जूनला मस्कतमध्ये ठरली होती. 13 जूनला इस्रायलने हल्ला केला आणि नंतर अमेरिका त्यात उतरली. 23 जूनला इराणची क्षेपणास्त्रं कतारमधल्या अमेरिकी तळावर गेली. आखाती देशांनी हवाई हद्द बंद केली, तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांत रात्रभर फोन चालू होते. आपली माणसं तिथेच कामाला आहेत ना.

उद्या ओमानने पुन्हा निरोप धाडला, तर बोलणी करा म्हणणारा इराणी मुत्सद्दी आपल्या संसदेत कोणत्या तोंडाने उभा राहील?