ताप अंगावर काढू नका, माऊली

वारीच्या प्रस्थानाच्या दिवसांत आळंदीत एक समज हमखास ऐकू येतो. चालून अंग तापलं की जंतू मरतात, आणि कणकण आलीच तर तसंच चालत राहावं, घामावाटे ताप निघून जातो. यातला पहिला भाग अर्धवट खरा आहे, दुसरा घातक.

उष्णतेचं श्रेय नाकारता येणार नाही. मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसवर मलेरियाचा ताप मुद्दाम आणून उपचार करणाऱ्या वाग्नर-यौरेग यांना 1927चं नोबेल मिळालं. पण त्या तापाने काही रोगी दगावलेही. शिवाय ताप आणि श्रमाची उष्णता एक नव्हे. तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस तापमानाची पातळीच वर नेतो, म्हणून भर उन्हात हुडहुडी भरते. वारीच्या वाटेवरचा दिवेघाट चढताना ही पातळी तीच राहते. स्नायूंची उष्णता शरीर घाम गाळून बाहेर टाकत असतं. आणि घामाने ताप उतरतो हे तर उलटंच झालं: ताप उतरू लागतो म्हणून घाम सुटतो. तापलेल्या अंगाने घाट चढला की दोन्ही उष्णतांची बेरीज होते, आणि 40 अंशांपुढे उष्माघाताचं भय. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. त्या वेळी केलेले श्रम जिवावर बेतू शकतात.

श्रमाने प्रतिकारशक्ती खचते म्हणून वारीलाच नावं ठेवणारेही चुकतात. 1987च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी 12.9 टक्के, तर न धावलेल्यांपैकी 2.2 टक्के लोकांनी आजारपण सांगितलं, हा त्यांचा आवडता दाखला. ते आजार धावपटूंनी स्वतः सांगितलेले होते, प्रयोगशाळेत तपासलेले नव्हते. व्यायामानंतर रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी घटतात हे खरं. पण त्या मरत नाहीत, बहुतेक फुप्फुसं-आतड्यांकडे पहाऱ्याला जातात, असं बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल आणि टर्नर यांनी 2018मध्ये साधार मांडलं. नेमाने चालणाऱ्याच्या पेशी रोज अशी गस्त घालतात. म्हणून पंढरपूरपर्यंतच्या सुमारे 250 किलोमीटरची तयारी महिना-दोन महिने आधी रोजच्या चालीने व्हायला हवी.

वारकऱ्याला आजारी पाडतं ते गर्दी, अपुरी झोप आणि दूषित पाणी. इंद्रायणीवर सांडपाण्याचा फेस तरंगत असताना दोष पायांना देणं हा अन्याय आहे.

दिंडीप्रमुखांनी एवढं करावं: थर्मामीटर जवळ बाळगावा, सामानाच्या ट्रकमध्ये तापाच्या माणसासाठी जागा मोकळी ठेवावी, आणि ताप उतरून दिवसभर बरं वाटेपर्यंत त्याला चालू देऊ नये, त्याने कितीही हट्ट धरला तरी.