चाकांवरच्या घरात वेळ कसा घालवाल?

कॅम्पर व्हॅनची सहल ठरवताना गाद्या, गॅस, पाणी या सगळ्यांचा विचार होतो. मोकळ्या वेळाचा मात्र कुणी करीत नाही, आणि कुरबुरींना सुरुवात होते ती तिथूनच.

झोपायची जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी अशी सोय असलेल्या व्हॅनमधून भटकणे आता आपल्याकडेही रुळू लागले आहे. २०२१ मध्ये केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कुणी आठवडाभरासाठी व्हॅन भाड्याने घेतात, तर काही निवृत्त जोडपी महिना-दोन महिने तिच्यातच संसार मांडतात.

या सहलीत फिरण्याइतकाच वेळ थांबण्यात जातो. अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्याने गाडी हाकणे शहाणपणाचे नाही, म्हणून संध्याकाळी सहालाच मुक्काम पडतो. आठला जेवणे आटोपतात. आणि मग? बाहेर पाऊस, आत चार माणसे आणि जागा एका छोट्या खोलीएवढी. घरी वादावादी झाली तर एक जण गॅलरीत जातो, दुसरा स्वयंपाकघरात. इथे रुसून बसायलाही कोपरा नसतो.

आधी विजेचा हिशेब

‘मोबाइल आहे की!’ असे मुले म्हणतील. पण मोबाइलला वीज लागते आणि व्हॅनमधली वीज मोजकीच असते. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण १२०० वॅट-तास वीज साठते. बॅटरी लेड-अ‍ॅसिड प्रकारची असेल तर त्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती उरले ६००. त्यात ५० वॅटचा टीव्ही तीन तास चालला की १५० गेले. २० वॅटचा पंखा रात्री आठ तास फिरला की आणखी १६०. उरलेल्या विजेवर फ्रिज, दिवे आणि सगळ्यांचे फोन. छपरावर सौर पॅनेल असले तरी ढगाळ दिवसांत त्याच्यावर विसंबता येत नाही. रात्री दोन चित्रपट पाहिले आणि सकाळी दूध नासले, अशी वेळ येऊ नये.

म्हणून चित्रपट घरूनच उतरवून घ्या आणि रात्री एकच, सर्वांनी मिळून पाहा. वाचनासाठी ई-रीडर उत्तम. तो एकदा चार्ज केला की कित्येक दिवस चालतो. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टरही जवळ असू द्या. मोबाइलचे नेटवर्क गेले तरी तो अनेकदा बोलत राहतो. रात्री तर मध्यम लहरींवरची दूरदूरची केंद्रेही लागतात.

गाडी चालू असताना

चालत्या गाडीत वाचले की अनेकांना मळमळते. डोळ्यांसमोरचे पान स्थिर असते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला मात्र हालचाल जाणवत असते. या गोंधळाचा त्रास पोटाला होतो. तेव्हा प्रवासात कानांची करमणूक बरी. गाण्यांच्या भेंड्या, कथाकथनाचे ध्वनिमुद्रण, मुलांसाठी नंबरप्लेटचा खेळ. एमएच १२ म्हणजे पुणे, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, असे ओळखता ओळखता किती राज्यांच्या गाड्या दिसल्या ते मोजायचे. मात्र मागच्या पलंगावर पत्त्यांचा डाव नको. गाडी चालू असेपर्यंत प्रत्येकाने पट्टा लावून जागेवर बसावे. चालकाच्या नजरेत येईल असा पडदाही सुरू ठेवू नये.

मुक्कामी पोहोचल्यावर

खेळ निवडताना जागा पाहा. कॅरम बोर्ड आणला तर झोपायचे कुठे? पत्ते, सागरगोटे, चुंबकाच्या सोंगट्यांचे बुद्धिबळ हे सारे एका डब्यात मावते. कुणाला वाजवता येत असेल तर बासरी किंवा माउथ ऑर्गन घ्या. पण शेजारी वस्ती असते याचे भान हवे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास कायद्यानेच मनाई आहे.

खरी मौज दाराबाहेर

मुक्काम विचारपूर्वक निवडला तर करमणूक आपोआप होते. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये गडद आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. लडाखमधील हानलेचा परिसर २०२२ मध्ये अशाच कारणासाठी राखीव घोषित झाला. अशा ठिकाणी अमावस्येच्या आसपास जा आणि टॉर्चवर लाल जिलेटीन कागद गुंडाळा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. साध्या दुर्बिणीतूनही कृत्तिकांचा पुंजका आणि गुरूचे चंद्र दिसतात. तीच दुर्बीण सकाळी पक्षी पाहायला उपयोगी पडते. पुस्तके संपली असतील तर पाचगणीजवळचे भिलार गाठा. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव झाले आहे. तिथे गावातल्या घराघरांत बसून मराठी पुस्तके वाचता येतात.

तिची सुट्टी कधी?

एवढी तयारी करूनही एक गोष्ट हमखास राहून जाते. बाकीचे पत्ते पिसत असतात आणि घरातली बाई इवल्याशा ओट्यापाशी पोळ्या लाटत उभी असते. तिच्यासाठी स्वयंपाकघर फक्त लहान झाले, सुट्टी लागलीच नाही. मग तिची चिडचिड झाली की ‘एवढ्या छान ठिकाणी येऊनही हिचा चेहरा उतरलेलाच!’ असे ऐकवले जाते. निघण्यापूर्वीच कामांच्या पाळ्या लावा. कणीक मळणे मुलाला जमते, भांडी विसळणे नवऱ्याला. एक वेळचे जेवण धाब्यावर घेतले तर बिघडत नाही.

दुसरा नियम एकांताचा. रोज प्रत्येकाला एक तास हक्काचा मिळावा. त्या तासात कुणी हाक मारायची नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. कुणी फिरायला जाईल, कुणी वही उघडेल, कुणी नुसतेच खिडकीबाहेर पाहत बसेल. नोकरीमुळे वर्षानुवर्षे दिवसाचे मोजके तासच एकमेकांना दिसलेल्या निवृत्त जोडप्यांना तर याची फारच गरज असते. तासाभराने परतलेल्या माणसाकडे सांगण्यासारखे काहीतरी असते. मग चहा ठेवावा, आणि तो कुणी ठेवायचा ते त्या दिवशीच्या पाळीवरून ठरवावे.