आघात आणि उत्तर यांमधील अंतर

सुट्टीत शाळेला भेट देण्यास येणारे आमचे माजी विद्यार्थी कोणी बँकेत अधिकारी आहेत, कोणी ग्रामसेवक, कोणी रुग्णालयात परिचारिका. त्यांची प्रगती पाहून आम्हांस धन्यता वाटते. परंतु बोलता बोलता एक गोष्ट हमखास निघते. बैठकीत कोणीतरी 'कोट्यातून आलेले' असे हळूच म्हणाले आणि मस्तक भडकले. मग तेथल्या तेथे भांडण झाले, नाहीतर सारे मुकाट्याने गिळले आणि घरी येऊन मुलांवर राग काढला. दोन्ही वेळी हाती काही लागले नाही.

या दोन्ही सवयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत; त्यांसाठी आम्ही कोणास दोष देत नाही. तथापि, जो प्रत्येक आघातावर केवळ उसळतो किंवा केवळ दबतो, त्याच्या दिवसाची सूत्रे आघात करणाऱ्याच्याच हाती राहतात. अधिकारपदावरील माणसाच्या बाबतीत तर हे अधिकच घातक आहे. कारण हाताखालची माणसे कामाकडे न पाहता साहेबांच्या मुद्रेकडे पाहू लागतात.

यावर उपाय शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालेला बाल भीमराव पुढील वर्षी भावंडांसह वडिलांच्या भेटीस निघाला. आपल्याच जिल्ह्यातील मसूर स्थानकावर त्यांची जात कळताच स्टेशनमास्तरांची मुद्रा पालटली आणि पुढील बैलगाडीच्या प्रवासात त्या लेकरांना रात्रभर पाणी मिळाले नाही. तीच तहान भोगलेला माणूस २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंच्या अग्रभागी उभा राहिला.

त्या दिवशी पुढे जे घडले, ते आपण सांगताना बहुधा घाईने उरकतो. दलित मंडळी देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्यांचा हल्ला झाला. आपली माणसे संतापली. त्यांत लष्करातून निवृत्त झालेले सैनिकही होते. बाबासाहेबांचा एक शब्द पुरेसा होता. तो शब्द त्यांनी दिला नाही. उलट लोकांना आवरले. मात्र ते स्वस्थही बसले नाहीत. हल्लेखोरांवर खटला चालला. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव फिरवला, तेव्हा डिसेंबरात दुसरी परिषद भरली. न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला, म्हणून जमलेल्या सत्याग्रहींना समजावून सत्याग्रह तहकूब केला गेला. परंतु २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झालेच. पुढे खटला नेटाने लढवला गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. एका दुपारच्या आघाताला दहा वर्षांचे उत्तर! संयम म्हणजे सोसणे नव्हे. उत्तर कधी, कोठे आणि कशाने द्यावयाचे हे स्वतः ठरवणे, म्हणजे संयम.

ही रीत धम्मातही आहे. तथागतांनी बालवयीन राहुलाला आरशाचा दृष्टान्त देऊन सांगितले की, कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर, तिन्ही वेळा ते पारखून पाहावे: यात माझे किंवा दुसऱ्याचे अहित तर नाही? राहुलाला केलेल्या उपदेशाचा उल्लेख सम्राट अशोकाने बैराट येथील शिलालेखात आवर्जून केला आहे. साम्राज्य चालवणाऱ्याला जो उपदेश मोलाचा वाटला, तो कचेरी चालवणाऱ्यास अपुरा पडणार नाही. टोमणा ऐकताच श्वासाकडे लक्ष द्यावे. मग शांत आवाजात 'आपले म्हणणे स्पष्ट करावे' असे सर्वांसमक्ष विचारावे. तारीख, शब्द आणि साक्षीदार नोंदवून ठेवावेत. आवश्यक तेथे लेखी तक्रार करावी. आणि आपण स्वतः साहेब असू, तर आजच्या बैठकीत शिपायाचे, कनिष्ठ भगिनीचे म्हणणे आपण ऐकले का, हेही सायंकाळी स्वतःला विचारावे.

हा आरसा आम्ही शिक्षकांनीही पाहावा. काही वर्षांपूर्वी एक मुलगा रात्री वसतिगृहाची भिंत ओलांडून गेला. सापडताच आम्ही छडी उगारली. दुसऱ्या दिवशी कळले की, आईवडील ऊसतोडीला गेले होते आणि पंधरा दिवस त्यांचा निरोप नव्हता. विचारण्यास एक मिनिट पुरले असते. घंटा आणि छडी यांवरच वाढलेले मूल उद्या खुर्चीवर बसले, तर तेही घंटा आणि छडीच वापरील. हा दोष आमचा आहे, आणि तो आम्हीच दुरुस्त केला पाहिजे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. फलटणला याल तेव्हा देणगी अवश्य द्या. पण एक तास वसतिगृहातील मुलांसोबत बसा. त्यांना आपल्या यशापेक्षा, ज्या दिवशी रक्त तापले असूनही तुम्ही विचारपूर्वक उत्तर दिले, त्या दिवसाची गोष्ट सांगा. आणि ज्या दिवशी ते जमले नाही, त्याही दिवसाची सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!