पाकिटाची पुढची नव्हे, मागची बाजू वाचा

परवा एका बचत गटाच्या ताईंनी टोमॅटो-लसूण मसाल्याच्या पाकिटाचा नमुना दाखवला. पुढे ठळक अक्षरांत छापलेले, ‘अजिनोमोटो नाही’. मी म्हटले, “ताई, माल चोख आहे, पण ही ओळ काढा.” त्यांना नवल वाटले. खरे छापले तर बिघडते कुठे?

सांगतो. अजिनोमोटो हे कंपनीचे नाव. पदार्थ मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे एमएसजी. पण ग्लुटामेट टोमॅटोत, वाटाण्यात निसर्गतःच असते. प्रयोगशाळा ते किती आहे हे सांगते. टोमॅटोतून आले की वरून घातले, हे सांगू शकत नाही.

२०१५ सालचे मॅगी प्रकरण आठवा. ‘एमएसजी घातलेले नाही’ असे पाकिटावर, आणि तपासणीत मात्र ते निघाले. शिसेही जास्त असल्याचा अहवाल आला. ५ जूनला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने माल मागे घ्यायला लावला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली: कंपनीची बाजू ऐकली नव्हती, प्रयोगशाळाही मान्यताप्राप्त नव्हत्या. फेरतपासणीत माल पास झाला आणि नोव्हेंबरात पुन्हा दुकानात आला.

यातून शहाणे होऊन प्राधिकरणाने मार्च २०१६ मध्ये आदेश काढला. नुसते एमएसजी सापडले म्हणून खटला नको. वरून घातले का, हे अधिकाऱ्याने कारखान्यात जाऊन पाहावे. मात्र पाकिटावर ‘नाही’ छापले आणि आत निघाले, तर कारवाई होणार. म्हणजे आमच्या ताई चिमूटभर न घालताही टोमॅटोपायी अडकल्या असत्या!

आदेश योग्यच आहे. पण कारखान्यात जाऊन पाहायला माणसे लागतात, ती तालुक्याला किती असतात ते तुम्ही जाणताच. तेव्हा आपणच डोळे उघडे ठेवावेत. मागच्या बाजूला घटकांची यादी असते. ६२१ म्हणजे एमएसजी. ६२७, ६३१, ६३५ ही त्याचीच भावंडे, चव वाढवणारी. एमएसजी वरून घातले असेल तर तसे छापणे, आणि वर्षाखालच्या बाळासाठी नाही असा इशारा देणे, कायद्याने बंधनकारक आहे.

घाबरून जायचे कारण नाही. मोठ्यांच्या पोटात थोडे गेले म्हणून विष होत नाही. प्रश्न लपवाछपवीचा आहे.

ताईंनी ती ओळ काढली. त्या जागी आता घटकांची यादी येणार आहे, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत.