गोवराची साथ : शोध कशाचा घ्यायचा?

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या मध्य प्रदेशातील मैहर जिल्ह्यात गोवराने दोन बालके दगावली आणि आठ गावांतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवराची लस १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणात आहे. तरीही खेड्यातील मूल गोवराने जाते, तेव्हा साथीच्या अन्वेषणाकडे निव्वळ रुग्णगणना म्हणून पाहता कामा नये.

पथक घरोघरी जाऊन प्रत्येक मुलाचे वय, पुरळ उठल्याचा दिवस, घेतलेल्या मात्रा आणि आधीच्या दोन-तीन आठवड्यांतील प्रवास नोंदवते. काहींचे रक्त तपासणीस पाठवते. साथीचे कारण या यादीतच सापडते. लस घेतलेली काही मुले आजारी दिसली की लसच कुचकामी असल्याचा गवगवा होतो. परंतु नवव्या महिन्यातील मात्रा सुमारे ८५ टक्के बालकांनाच संरक्षण देते. १०० मुलांना एकच मात्रा मिळाली, तर १५ असुरक्षितच राहतात. म्हणून १६ ते २४ महिन्यांमधील दुसरी मात्रा आवश्यक आहे आणि दोन्ही मात्रा किमान ९५ टक्के मुलांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत.

त्या का पोहोचत नाहीत? पालकांच्या अज्ञानावर बोट ठेवणे सोपे आहे. परंतु आपल्या शेजारच्या झाबुआ-अलीराजपूरची कितीतरी कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात. गावात लसीकरणाचा दिवस येतो, तेव्हा मूल दूरच्या बांधकामावर असते. कार्डावरील रिकाम्या चौकटीचा अर्थ दर वेळी नकार असा नसतो. भगोरिया-होळीला ही कुटुंबे परततात, तेव्हा विशेष सत्रे का घेऊ नयेत?

आपले उत्तरदायित्वही थोडे नाही. अशी मुले न्यूमोनिया होऊन इंदूरच्या दवाखान्यांत येतात. आपण उपचार करतो, लागोपाठ दोन दिवस 'अ' जीवनसत्त्व देतो आणि मूल बरे झाले की समाधान मानतो. गावात मात्र साथ पसरतच असते. पुरळ दिसण्याआधी चार दिवसांपासून मूल संसर्ग देते आणि लसीचे संरक्षण नसलेल्या समूहात एक रुग्ण १२ ते १८ जणांना बाधा पोहोचवू शकतो.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी आग्रहाची विनंती आहे. ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक मुलाची माहिती, रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता, त्याच दिवशी जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांना कळवावी. केसपेपरवर इंदूरच्या नातेवाइकाचा पत्ता न लिहिता मूळ गाव आणि मजुरीचे ठिकाण लिहावे. त्या एका ओळीवरून पथक वेळेत योग्य गावी पोहोचू शकते.