आईची मजुरी आणि लेकराची अंगणवाडी

2018 साली केंद्र सरकारने देशातील जे जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि वाशीम. पूर्वी सरकारी भाषेत अशा जिल्ह्यांना मागास म्हणत. शब्द बदलला, एवढे तरी झाले. या जिल्ह्यांची प्रगती मोजण्यासाठी पाच क्षेत्रे ठरविण्यात आली. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व पाणी, वित्तीय समावेशन व कौशल्य आणि पायाभूत सुविधा. बालकाचे वजन त्यात मोजले जाते, आणि ते मोजलेच पाहिजे. परंतु त्या बालकाच्या आईला दिवसाकाठी किती मजुरी मिळते आणि ती मिळविताना बालक कोणाजवळ असते, हा प्रश्न या पाचांपैकी कोणत्याही सदरात बसत नाही. दारिद्र्यनिर्मूलनाच्या बहुतेक सरकारी योजनांचे मूळ दुखणे हेच आहे. त्यांना मूल दिसते, आई दिसते, बापही दिसतो. कुटुंब दिसत नाही.

वाशीमचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 12 लाख, आणि तीतील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहणारी. ओलिताचे क्षेत्र थोडे. खरिपात सोयाबीन आणि तूर, हाच भूमिहीनांच्या आणि अल्पभूधारकांच्या वर्षाचा आधार. सोयाबीन एकदम पक्व होते आणि सोंगणी लांबली की शेंगा फुटून दाणे वावरातच सांडतात. म्हणून सप्टेंबरअखेरपासूनचे काही आठवडे बायांच्या हाताला उसंत नसते. सोंगणी बहुधा एकरी ठेक्याने होते. ठेका अंगावर घेतलेली बाई सकाळी लवकर निघते आणि अंधार पडता परतते; मध्ये लेकराला पाजायला घरी येण्याची सोय त्या हिशेबात नाही, कारण गेलेला प्रत्येक तास तिच्या आणि तिच्या टोळीच्या पैशांतून वजा होतो.

अंगणवाडी या काळात काय करते? ती ठरल्या वेळी उघडते आणि ठरल्या वेळी मिटते. आई वावरात जाते त्यानंतर उघडते आणि आई परतण्याच्या कितीतरी आधी मिटते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथे काही तास बसता येते, ताजा आहार मिळतो. तीन वर्षांखालील मुलासाठी मात्र घरी नेण्याचा शिधा आहे, जागा नाही. शिध्याचे पाकीट मूल सांभाळत नाही. मग सांभाळते कोण? नऊ-दहा वर्षांची थोरली बहीण. शाळेच्या पटावर तिचे नाव असते आणि ती धुऱ्यावर झोळी हलवीत बसलेली असते. दिवाळीनंतर गावातले काम आटते तेव्हा पुढचा अंक सुरू होतो. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि उचल त्या जोडीला मिळते. म्हणजे आईला मागे राहण्याचे स्वातंत्र्यच नाही. मूल बरोबर न्यावे तर शाळा सुटते, मागे ठेवावे तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर.

येथे गरिबी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जाते ते उघड्या डोळ्यांनी पाहता येते. आई घरी राहिली तर आजची मजुरी बुडते. कामावर गेली तर मुलीची उद्याची मजुरी बुडते. बालविकास विभाग आपला अहवाल देतो, शिक्षण विभाग आपला, रोजगार हमीचा कक्ष आपला. तिन्ही अहवाल खरे असू शकतात आणि तरीही कुटुंब जेथल्या तेथे असते.

महाराष्ट्राला हे कधी सुचलेच नाही असे नाही. 1972 च्या दुष्काळात हजारो बाया खडी फोडायला आल्या तेव्हा लेकरे बरोबर घेऊनच आल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना 1977 साली कायद्यात आली आणि 26 जानेवारी 1979 पासून तो कायदा अमलात आला. पाणी, सावली आणि मुलांसाठी पाळणाघर या सोयी तिच्यात मानल्या गेल्या होत्या. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने स्पष्टच म्हटले की कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर एका मजूर बाईला ती सांभाळण्यास नेमावे आणि पूर्ण मजुरी द्यावी. तरतूद उत्तम. पण कामाचे मोजमाप खोदलेल्या मातीवर होते आणि रडणारे मूल निजविणे मोजपट्टीत येत नाही. त्यामुळे मूल सांभाळणारी बाई हजेरीपटावर 'रिकामी' ठरण्याची भीती कायम राहिली. जे मोजता येत नाही ते काम नव्हे, ही समजूत भांडवलदारांचीच असते असे नाही. सरकारी यंत्रणेचीही असते, आणि खरे सांगायचे तर अनेक पुरोगामी घरांतील पुरुषांचीही.

याहून जुना आणि अधिक शहाणा धडा तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी भागातला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि 1957 नंतर कोसबाडला जे काम केले, त्यात मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच अंगणात जावे, हा विचार होता. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. 'विकासवाडी'त तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, कारण धाकट्याला कडेवर घेतलेली मुलगी धाकट्याची सोय झाल्याशिवाय पाटी हाती धरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे अंगणवाडीचे नाव देशभर गेले. तो जोड मात्र वाटेत निसटला.

2024 पासून राज्य सरकार 'लाडकी बहीण' योजनेखाली पात्र स्त्रियांना दरमहा 1,500 रुपये देऊ लागले. या पैशाला नाक मुरडण्याचे कारण नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात आलेल्या रुपयाची किंमत तिलाच ठाऊक. परंतु ही रक्कम सोंगणीच्या दिवशी मूल सांभाळीत नाही, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली गाडीही थांबवीत नाही. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाची गोष्ट याहून करुण. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीमही होता. त्याच वर्षीच्या राज्याच्या निर्णयाने पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळू लागले, 30,000 हाती आणि 70,000 ठेवीत. ज्या घरात मिळवता हात एकच उरला आणि तोच मुले सांभाळणारा हात आहे, त्या घराला रकमेइतकीच गरज दिवसभर उघड्या असलेल्या दाराची होती.

पक्षातील काही मित्र म्हणतील की पाळणाघर ही मलमपट्टी आहे. प्रश्न जमिनीचा, पाण्याचा आणि मजुरीच्या दराचा आहे. प्रश्न त्यांचाच आहे, यात शंका नाही. पण मजुरीचा दर वाढविण्यासाठी बायांची संघटना हवी, आणि संध्याकाळच्या बैठकीला बाई येत नाही तेव्हा तिच्या कडेवर कोण आहे याची चौकशी कार्यकर्ते क्वचितच करतात. दुसरा आक्षेप खर्चाचा. महाराष्ट्राने 1975 साली रोजगार हमीसाठी व्यवसाय कर बसविला. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामासाठी पैसा द्यावा, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले आणि तो कर आजही वसूल होतो. शिवाय केंद्राच्या 2022 मधील 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. म्हणजे नवा कायदा मागण्याचीही निकड नाही.

वाशीमपुरती मागणी नेमकी ठेवता येईल. सोंगणीच्या हंगामात अंगणवाडी मजुराच्या दिवसाइतकी उघडी राहावी आणि तीन वर्षांखालील मुलांनाही तेथे जागा असावी. या वाढीव कामाचा बोजा मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या माथी न मारता, गावातील दोन बायांना रोजगार हमीची पूर्ण मजुरी देऊन तो सोपवावा. जे आईबाप तरीही बाहेर जातील त्यांच्या शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृह मजुरांच्या गाड्या निघण्यापूर्वी उघडावे, नंतर नव्हे. आणि दिवाळीनंतरचे जलसंधारणाचे काम गावाजवळ, दोघांनाही मिळेल असे, आधीच मंजूर करून ठेवावे. या चारही गोष्टी एकाच ठरावात, एकाच अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर असाव्यात. सुट्या केल्या की त्या पुन्हा चार कचेऱ्यांत हरवतील.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव आला तरच तो सोंगणीपूर्वी तालुक्याला पोहोचेल. त्याआधी मानोरा, मालेगाव, रिसोडच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात घरोघर जाऊन एक यादी करावी: सहा वर्षांखालील मुले किती, त्यांच्या आया कोणत्या महिन्यांत कामावर जातात, आणि त्या दिवशी मूल कोणाजवळ असते. शेवटच्या रकान्यात थोरल्या बहिणीचे नाव आले तर तिची इयत्ताही लिहावी.