इजा आणि इजेचे खडे

या सदरांत मी बहुधा व्याकरणांतील एखादें कोडें किंवा एखाद्या लौकिक न्यायाची उपपत्ति वाचकांपुढें ठेवीत असतों. या महिन्यांत विषय पत्त्यांचा आहे. मास्तरच्या हातीं पत्ते आलेले पाहून कित्येकांच्या कपाळास आठी पडेल. तथापि हकीकत पुरती ऐकून घ्यावी, एवढीच विनंति. तींत एक निवाडा आहे, तो मीं दिला, आणि तो चुकला.

गेल्या दिवाळींत माझ्या मुलीचा मुलगा अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीस आला. त्याचें वय तेरा. येथला माझा नातू, म्हणजे त्याचा मामेभाऊ, हाही त्याच्याच बरोबरीचा. पाहुण्यानें कपड्यांची पिशवी ओसरीवर फेकली, पण एक लहानसा डबा मात्र छातीशीं धरून घरांत आणला. त्या डब्यांत 'पोकेमॉन' नांवाच्या खेळाचीं पानें होतीं. हा खेळ १९९६ सालीं जपानांत निघाला. प्रत्येक खेळाडूनें आपापलीं ६० पानें स्वतः निवडून, जुळवून आणावयाचीं. पानें बंद पाकिटांतून विकत मिळतात, आंत काय निघेल हें फोडल्यावांचून कळत नाहीं, आणि कांहीं पानें इतकीं दुर्मिळ कीं मुलें तीं प्लास्टिकच्या कप्प्यांत देवासारखीं जपून ठेवतात.

आपले बावन्न पत्ते मुके असतात. बदामाची राणी स्वतःविषयीं कांहीं बोलत नाहीं. तिचें मोल मेंढीकोटांत एक, बदामसातींत दुसरें. सावंतवाडीस आजही रंगविली जाणारी दशावतारी गंजिफा घेतली तरी तेंच. पानें १२०, दहा अवतारांचे दहा रंग, दर रंगांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दहापर्यंत. निम्म्या रंगांत दश्शा मोठा तर निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा खेळावयाचें तर आरंभ रामाकडे, रात्रीं कृष्णाकडे. यांतलें एक अक्षरही पानावर लिहिलेलें नसतें. दिवेलागणीस बसलों तर दिवस धरावा कीं रात्र, अशी शंका निघाली तर घरांतील वडील माणूस सांगेल तें प्रमाण. या नव्या पानांचें तसें नाहीं. येथें प्रत्येक पान आपला कायदा आपल्याच अंगावर लिहून येतें, आणि जेथें लेख आला तेथें अर्थाचा वाद आलाच.

वाद असा झाला. अकोलेकराच्या 'ड्रॅगापल्ट' नांवाच्या पानावर एका हल्ल्याचें फळ लिहिलें आहे: समोरच्या पुढल्या प्राण्यास २०० इजा, आणि शिवाय मागें बांकावर बसलेल्या प्राण्यांवर इजेचे सहा खडे, वाटेल तसे वांटून ठेवावे. एक खडा म्हणजे १० इजा. अमरावतीकराच्या बांकावर 'मॅनाफी' नांवाचा प्राणी बसला होता. त्याच्या पानावर असें कीं, विरुद्ध पक्षाच्या हल्ल्यांनीं आमच्या बांकावरील प्राण्यांस होणारी सर्व इजा रोखली जाते. बांकावरचा एक प्राणी साठ इजेवर मरणार होता, आणि तो मेला असतां डाव अकोल्याचा होता. एक म्हणे, सहा खडे पडले, प्राणी मेला. दुसरा म्हणे, इजा रोखली, खडे ठेवतोस कुठें?

सूनबाई स्वयंपाकघरांतून म्हणाली, "बाबा, तुम्हीच निकाल द्या. नाहींतर हे दोघे आज जेवायचे नाहींत."

अकोलेकर मोबाइलवर कांहींतरी उघडून दाखवूं लागला होता. मीं त्याला थांबविलें. "तें राहूं दे. आधीं पानावरचं वाक्य वाच. वाक्य काय म्हणतं तें पाहूं." चाळीस वर्षें मुलांना हेंच सांगत आलों, तेव्हां तें तोंडांतून आपोआप निघालें. मग मीं निवाडा दिला. दोनशें इजा झाली म्हणजे तुम्ही काय करतां? वीस खडे ठेवतां. तर खडा म्हणजे इजेचें दृश्य रूप. इजा सर्वच्या सर्व रोखली आहे. मग तिचें रूप येणार कोठून? धुराला मनाई नाहीं म्हणून अग्नीवांचून धूर निघत नाहीं. अमरावतीचा पक्ष खरा.

अकोलेकरानें मोबाइल खालीं ठेवला. एक शब्द बोलला नाहीं. दोघांनीं घरांत कोणास न सांगतां पैज लावली होती, कीं जो हरेल त्यानें आपलें एक उत्तम पान द्यावें. त्यानें तें काढून दिलें, आणि भाऊबीज आटोपतांच, ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधीं, बडनेऱ्याहून गाडीनें घरीं परत गेला.

यावर लेख लिहावा असें माझ्या मनांत आलें तें, खरें सांगावयाचें तर, माझ्या युक्तिवादाच्या कौतुकानें. आधार जोडावा म्हणून या नातवाकडून खेळाचे नियम वाचवून घेतले, आणि माझा सगळा डोलारा खालीं आला. त्या खेळांत 'इजा' आणि 'इजेचे खडे ठेवणें' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हल्ल्याची इजा हा एक आंकडा आहे. समोरच्या प्राण्याची दुर्बलता, त्याची प्रतिकारशक्ति, मध्यें पडणारें एखादें रक्षण, या सर्वांतून तो आंकडा गाळला जातो, आणि जें उरेल तें खड्यांनीं मांडतात. परंतु जेथें पान म्हणतें कीं 'खडे ठेवा', तेथें हा मार्गच नाहीं. ती इजा नव्हे. तें हल्ल्याचें वेगळें कार्य आहे. दुर्बलता त्याला वाढवीत नाहीं, प्रतिकार त्याला घटवीत नाहीं, आणि केवळ 'इजा' रोखणारा मॅनाफी त्याला अडवूं शकत नाहीं. इजेबरोबर हल्ल्याचीं इतर कार्येंही रोखतों असें स्पष्ट लिहिलेलें दुसरें पान बांकावर असतें तर गोष्ट वेगळी. तेव्हां प्राणी मेला होता, आणि डाव अकोल्याचा होता.

मला हें आधींच सुचावयास हवें होतें. गुणपत्रिका काय मीं थोड्या लिहिल्या? उत्तरपत्रिकेंतून मिळविलेले गुण आणि वरून दिलेले ग्रेसचे गुण यांच्या वाटा निराळ्या असतात. उत्तरपत्रिका फिरून तपासावयाचा नियम ग्रेसच्या गुणांस लागत नाहीं, आणि उभयतांस 'गुण' म्हणतात एवढ्यावरून तो लावूं गेलों तर मुख्याध्यापक हंसतील.

पण खरी लाज आहे ती निराळी. व्याकरणांत एक परिभाषा आहे. ती मीं तरुणपणीं एका शास्त्रीबुवांपाशीं पाठ केली होती. एकाच शब्दाला शास्त्रानें बनविलेला कृत्रिम अर्थ आणि लोकांतला अकृत्रिम अर्थ असे दोन्ही असतील, तेव्हां शास्त्रांत कृत्रिम अर्थ घ्यावा. पतंजलीनें याला व्यवहारांतलाच दाखला दिला आहे: गोपालकाला घेऊन ये म्हटलें म्हणजे लोक गोपालक नांवाच्या माणसाला आणतात, गाई राखणारा जो भेटेल त्याला नव्हे. पाणिनीची 'नदी' ही संज्ञा पाहा. ईकारान्त, ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांस तो नदी म्हणतो. त्याच्या शास्त्रांत 'गौरी' ही नदी आहे, आणि तिला पाण्याचा थेंब नाहीं. हें सर्व ठाऊक असून 'इजा' हा शब्द दिसतांच मीं त्याचा बाजारांतला अर्थ उचलला. परक्याच्या शास्त्रांतही संज्ञा असतील, हें कांहीं केल्या डोक्यांत आलें नाहीं. भाष्यकार पुढें असेंही दाखवितात कीं कांहीं ठिकाणीं दोन्ही अर्थ घ्यावे लागतात. परंतु तें ठरविण्यास सगळें शास्त्र वाचलेलें असावें लागतें, एक सूत्र वाचून भागत नाहीं.

नियम वाचतां वाचतां या जातीच्या इतर खेळांचीही माहिती नातवानें मला पुरविली. या सर्वांचा मूळपुरुष 'मॅजिक' नांवाचा खेळ. तो रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचला आणि १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. छापण्यापूर्वीं मित्रमंडळींत पारख चालली असतां त्यांतल्या एका पानावर, प्रतिपक्षाची पुढली पाळी बुडते, अशा अर्थाचें वाक्य घातलें होतें. इंग्रजींत गमावणें आणि हरणें यांना क्रियापद एकच. एका खेळाडूनें त्याचा अर्थ घेतला कीं पुढल्या पाळीस प्रतिपक्ष हरतो, डाव खलास! व्याकरणानें दोन्ही अर्थ बसतात. अखेर शब्दच बदलावे लागले, आणि पान निघालें तें 'हें पान खेळणाऱ्यानें आणखी एक पाळी घ्यावी' अशा भाषेंत.

त्याच खेळाचा पहिला मोठा नियम असा कीं, सामान्य नियम आणि पानावरचा मजकूर यांत विरोध आला तर पान बलवत्तर. हा तर आपला तक्रकौंडिण्य न्याय. ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक. कौंडिण्यही ब्राह्मणच, पण त्याच्या पानांत दही पडत नाहीं. दुसरा नियम: एक वचन 'करतां येईल' म्हणतें व दुसरें 'करतां येणार नाहीं' म्हणतें, तेथें निषेध जिंकतो. 'यू-गी-ओ' नांवाचा आणखी एक जपानी खेळ आहे. त्याच्या कर्त्यांनीं २०११ पासून पानांची भाषाच नवी बांधली. अपूर्णविरामाच्या आधीं अट, अर्धविरामाच्या आधीं द्यावयाचें मोल, त्यापुढें फळ. आणि दोन फळें जोडणारीं अव्ययेंसुद्धां ठरवून दिलेलीं. एका अव्ययानें दोन्ही गोष्टी एकदम व दोन्ही झाल्याच पाहिजेत. दुसऱ्यानें जेवढी जमेल तेवढी. तिसऱ्यानें पहिली झाली तरच मग दुसरी. 'च' या एका अक्षराचे चार अर्थ वैयाकरणांनीं वेगळे काढले, त्याची मला आठवण झाली. भिक्षेला जा आणि गाय दिसली तर तीही घेऊन ये, या आज्ञेंत गाय न मिळाली तरी भिक्षा चुकत नाहीं. बाराव्या वर्षाचीं मुलें हा अन्वाचय पैजेवर शिकत आहेत, आणि आमच्या वर्गांत छडी घेऊनही तो कोणास समजला नव्हता!

असले वाद पोरखेळ होत, असें म्हणणाऱ्यांनीं दत्तकाचा खटला आठवावा. एकुलता एक मुलगा दत्तक देऊं नये व घेऊं नये, कारण तो पूर्वजांचा वंश चालविण्यासाठीं आहे, असें वसिष्ठाचें वचन आहे. आतां हा निषेध कीं उपदेश? मीमांसक म्हणतात, वाक्याला कारण जोडलेलें असलें म्हणजे तो कारणाचा भाग स्तुतिपर, अर्थवाद; आणि त्यावरून सबंध वाक्याचेंच बळ किती धरावें हा तंटा उभा राहतो. मुंबईच्या हायकोर्टानें १८८९ सालीं असें दत्तविधान रद्दबातल ठरविलें. १८९९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तें वचन केवळ उपदेशपर मानून दत्तक कायम केला. मधल्या दहा वर्षांत किती वाड्यांच्या किल्ल्या या एका 'कारण' शब्दावर लोंबकळत राहिल्या असतील! १९५६ च्या कायद्यानें तो प्रश्न मिटविला. या पानांतही कित्येकांच्या तळाशीं त्या प्राण्याच्या स्वभावाचें वर्णन बारीक अक्षरांत असतें. तो शुद्ध अर्थवाद. त्यावरून डाव मागतां येत नाहीं. हें मात्र दोन्ही मुलांस न शिकवितां ठाऊक होतें.

असो. अकोल्यास मीं फोन केला व सांगितलें कीं निकाल चुकला, डाव तुझा होता.

"मला माहीत होतं, आजोबा."

"मग त्या दिवशीं बोलला कां नाहींस?"

"तुम्ही म्हणालां, वाक्य वाच. वाक्यांत तें नव्हतंच. तें नियमांत होतं, आणि नियम तुम्ही बघूं दिले नाहींत."

यावर मजपाशीं उत्तर नव्हतें; म्हणून त्याच्या आईची प्रकृति विचारली.

आतां प्रश्न जिंकलेल्या पानाचा. येथल्या नातवाला तें परत दे म्हणतांच त्यानें असा जबाब दिला कीं एखाद्या वकिलानें ऐकावा. "निकाल तुम्ही दिला, आम्ही दोघांनीं मानला. डाव संपला. आतां उघडायचा तर त्यानंतरचे सगळे डाव उघडावे लागतील." मला हें अगदींच खोटें म्हणतां येईना. चुकलेला निकालही निकालच. नाहींतर कोणतेंच भांडण कधीं मिटावयाचें नाहीं. तरी चूक माझी, दंड अकोल्याला, हें घशाखालीं उतरेना. तसलेंच दुसरें पान बाजारांतून आणून अकोल्यास पाठवावें असें मीं सुचविलें. तो म्हणाला, "विकतचं घेतलेलं तें त्याचं थोडंच?" आणि तो खेळावयास निघून गेला. मीं विषय पुन्हा काढला नाहीं. पैज लावल्याबद्दल सूनबाईनें त्याला बोल लावले, तेवढेच.

आठ दिवसांनीं रात्रीं मी या लेखाचा कच्चा खर्डा वाचीत बसलों होतों. तो येऊन मागें उभा राहिला आणि त्यांतला कांहीं भाग त्यानें वाचला असावा. मग प्लास्टिकच्या कप्प्यांतून तें पान काढून, दोन पुठ्ठ्यांमध्यें घालून, त्यानें माझ्या टेबलावर ठेवलें.

"साध्या टपालानें नको, स्पीड पोस्टानें पाठवा. आणि त्याला लिहा, दिवाळींत तोच डाव पहिल्यापासून खेळायचा. मॅनाफी मी काढून ठेवणार आहे."

पाकिटावर अकोल्याचा पत्ता मीं लिहिला. पाठविणाराचें नांव त्यानें स्वतः लिहिलें.